जुन्या मच्छीमार बोटीवर इंजिनाच्या मीटरांचं वायरिंग नव्याने करताना

टेम्परेचर मीटरच्या वायरीतला एकच गंजलेला लग (वायरीच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) इंजिनाला वीस अंशांनी थंड दाखवू शकतो. हिशेब सरळ आहे. युरोपीय पद्धतीच्या (पद्धती दोन आहेत, त्या पुढे येतील) सेन्सरचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, १०० अंशांना सुमारे ३८ ओहम असतो आणि ८० अंशांना सुमारे ६९. गंजाने वाटेत ३० ओहम घातले की मीटरला ६८ दिसतात, आणि काटा ऐंशीवर निवांत बसतो. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, काट्याकडे बघून रेस वाढवतो.

वायर अर्धवट तुटली, सांधा हिरवा पडला, अर्थ (करंट परत जाण्याची मायनसची जोडणी) सैल झाला, तर सेन्सरच्या वाटेत रोध वाढतो. रोध वाढला की टेम्परेचर मीटर नेहमी कमीच दाखवतो, मग तो कुठल्याही पद्धतीचा असो. ऑइल प्रेशर मीटर युरोपीय असेल तर जास्त दाखवतो, अमेरिकन असेल तर कमी. डिझेल मीटरचंही तसंच. म्हणजे युरोपीय पद्धतीच्या पॅनलवर सगळे काटे बिघडतात ते नेमके ‘सगळं ठीक आहे’ या बाजूला. त्यामुळे या कामात मीटरांच्या चकचकीत तबकड्यांपेक्षा सांधे, लग आणि अर्थ यांनाच जास्त वेळ द्यावा लागतो.

इथे डोळ्यांसमोर आहे ती सातपाटीपासून मालवणपर्यंत दिसणारी नेहमीची बोट: लाकडी किंवा फायबरची, आत चार किंवा सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, वर केबिन, आणि इंजिनापासून केबिनमधल्या पॅनलपर्यंत वळणं धरून दहा-बारा मीटर वायर. मासेमारी बंदीत, १ जून ते ३१ जुलै, बोट शाकारून ठेवलेली असते तेव्हा हे काम करावं. दोन माणसांना दोन दिवस पुरतात. फक्त आरपीएम मीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा, बोट पाण्यात उतरवल्यावर जुळवायचा, कारण थंड करायला समुद्राचं पाणी नसताना इंजिन चालू ठेवता येत नाही.

आधी पाहणी

बॅटरीची काळी केबल आधी सोडा, लाल नंतर. जोडताना उलट. कारण साधं आहे: आधी लाल सोडताना पाना इंजिनाला टेकला तर तिथेच ठिणगी पडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असतो.

मग सिस्टीम १२ व्होल्टची आहे की २४, ते बघा. सहा सिलिंडरच्या बऱ्याच बोटींवर १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. १२चे मीटर स्वस्तात मिळाले म्हणून दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडातून १२ व्होल्ट काढून पॅनलला देण्याचा जुगाड सर्रास दिसतो. तो करू नका. एक बॅटरी रोज थोडी रिकामी होत जाते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, आणि सीझनच्या मध्यात दोन्ही जातात. २४च्या बोटीला २४चेच मीटर घ्या.

जुन्या वायरी ओढून फेकायची घाई नको. प्रत्येक मीटरच्या पाठीचा फोटो काढा आणि कुठली वायर कुठे जाते ते कागदावर लिहा. जुनी वायर काढताना तिच्या टोकाला नवीन वायरींची मोळी किंवा नुसती नायलॉनची दोरी बांधून ओढा. लाकडी बोटीत फळ्यांच्या मागून नवी वाट शोधण्यात अर्धा दिवस जातो, तो वाचतो.

पॅनलवर अँपिअर मीटर असेल तर त्याला इथेच निरोप द्या. जुन्या अँपिअर मीटरमधून अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) सगळा करंट केबिनपर्यंत जाऊन परत येतो. मागचा एक नट सैल झाला की तिथे लाकूड जळतं. त्याच्या दोन जाड वायरी एका पितळी स्टडवर एकत्र कसून वर रबरी टोपी घाला. त्याहून चांगलं म्हणजे अल्टरनेटरची ‘बी-प्लस’ केबल इंजिनाजवळच बॅटरीच्या लाल केबलला फ्यूजमधून जोडा आणि केबिनपर्यंतचा तो हेलपाटाच बंद करा. अँपिअर मीटरच्या भोकात व्होल्टमीटर बसवा. तोच जास्त सांगतो: १२च्या सिस्टीमला उभ्या इंजिनावर १२.७ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ म्हणजे चार्जिंग बरोबर. २४ला हेच आकडे दुप्पट.

मीटर आणि सेन्सर यांची जोडी

दुकानातून मीटर आणला, सेन्सर मात्र ट्रकचा जुनाच ठेवला, आणि काटा भलतीकडे गेला, ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. मीटर रोध मोजतो. कुठल्या रोधाला कुठला आकडा, हे त्याच्या तबकडीत ठरलेलं असतं.

बाजारात मुख्य दोन घराणी आहेत. अमेरिकन पद्धतीत डिझेल टाकी रिकामी असताना २४० ओहम आणि भरलेली असताना ३३. ऑइल प्रेशर शून्याला २४० आणि तबकडीच्या टोकाला ३३. टेम्परेचर ३८ अंशांना ४५०, १२१ अंशांना ३०च्या आसपास. युरोपीय पद्धतीत, म्हणजे व्हीडीओ ही जर्मन कंपनी आणि तिच्यासारख्या मालात, डिझेल आणि प्रेशर उलटं चालतं: शून्याला १०, पूर्णाला १८० ते १८४. टेम्परेचर ४० अंशांना सुमारे २९०, १२० अंशांना सुमारे २२.

सेन्सरवर नाव-नंबर दिसत नसेल तर मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजा. इंजिन बंद असताना प्रेशर सेन्सरच्या टोकापासून इंजिनाच्या उघड्या लोखंडापर्यंत १०च्या आसपास आले तर युरोपीय, २४०च्या आसपास आले तर अमेरिकन. डिझेल सेन्सरची दांडी हाताने वरखाली करून बघा. टेम्परेचर सेन्सर काढून, ओहम मोजत, गरम पाण्याच्या पातेल्यात थर्मामीटरशेजारी धरा. ६० अंशांना सुमारे १३४ आणि ८०ला सुमारे ६९ आले तर तो युरोपीय १२० अंशांच्या मीटरचा आहे. आकडे कुठेच जुळत नसतील तर सेन्सर मीटरसोबतच विकत घ्या. दोनशे-तीनशे रुपये वाचवायला सेन्सर जुना ठेवणं महागात पडतं.

इथे एक सापळा आहे. अमेरिकन मीटरच्या पाठीवर ‘आय’, ‘एस’ आणि ‘जी’ अशी तीन टोकं असतात: चावीकडून येणारा प्लस, सेन्सर, आणि अर्थ. व्हीडीओ मीटरवर प्लस, मायनस आणि ‘जी’ असतं, आणि तिथला ‘जी’ म्हणजे सेन्सर, कारण जर्मन भाषेत सेन्सरला ‘गेबर’ म्हणतात. एकाची सवय असलेला वायरमन दुसऱ्याचा ‘जी’ डोळे झाकून अर्थला जोडतो आणि मग मीटरला दोष देतो. व्हीडीओच्या दोन टोकांच्या प्रेशर सेन्सरवरही ‘जी’ म्हणजे मीटरकडे जाणारं टोक आणि ‘डब्ल्यूके’ म्हणजे धोक्याच्या दिव्याचं टोक.

सेन्सरचे आटे बसवण्याआधी जुन्या सेन्सरशी मिळवून बघा. एनपीटी (अमेरिकन), बीएसपी (ब्रिटिश) आणि मेट्रिक आटे दिसायला भावंडं असतात, पहिले दोन फेरे एकमेकांत जातातही. तिसऱ्या फेऱ्याला जोर लावावा लागला तर थांबा. ब्लॉकमधले, म्हणजे इंजिनाच्या मुख्य लोखंडी अंगातले, आटे गेले तर मीटरच्या कामाचं इंजिनाचं काम होतं.

सामान

बारा मीटरच्या वाटेला हे पुरतं. अडीच स्क्वेअर एमएमची वायर २४ मीटर, प्लस आणि मायनससाठी. एक स्क्वेअर एमएमची वायर वेगवेगळ्या रंगांत, प्रत्येकी १२ मीटर, दहा नग: प्रेशर, टेम्परेचर, आरपीएम, डिझेल, डिझेल टाकीचा अर्थ, चार्जिंग दिवा, ऑइल अलार्म, टेम्परेचर अलार्म, आणि दोन मोकळ्या. त्या दोन मोकळ्या वायरींवर कंजुषी करू नका. तीन वर्षांनी एक वायर आतून तुटते तेव्हा सगळी मोळी उघडावी लागत नाही. याशिवाय बारा टोकांच्या दोन टर्मिनल पट्ट्या, फ्यूज होल्डर आणि ५ अँपिअरचे फ्यूज, ४, ५ आणि ६ मिमी भोकांचे रिंग लग, आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी (तापवली की आवळते), २५ मिमीचा नागमोडी पाइप, क्लिपा, रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेने वायर घासू नये म्हणून) आणि नंबरांचे फेरूल (वायरीवर चढवायचे छल्ले).

वायर टिन चढवलेल्या तांब्याची मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर बारीक तारांची लवचीक तांब्याची चालेल, पण प्रत्येक टोक बंद करावं लागेल, कारण खारं पाणी तारांमधून वातीसारखं आत चढतं आणि इन्सुलेशनखाली हातभर तांबं काळं करतं. घराच्या भिंतीतली एकसंध तारेची वायर अजिबात नको. इंजिनाच्या थरथरीने ती लगाच्या तोंडाशी मोडते.

मीटर जेमतेम करंट घेतात, मग प्लसला अडीच कशाला? पॅनलवरचे पाच मीटर, त्यांचे दिवे आणि बझर मिळून साधारण २ अँपिअर होतात. जाऊन-येऊन २४ मीटर एक स्क्वेअर वायरीत त्यावर ०.८ व्होल्ट खाली जातात, अडीचमध्ये ०.३३. बाईमेटलचे (तापून वाकणाऱ्या पट्टीवर चालणारे) जुने मीटर व्होल्टेजप्रमाणे काटा हलवतात, त्यामुळे दिवा लावला की डिझेल कमी झालेलं दिसतं. एवढ्याशा व्होल्टनेही काटा फरक दाखवतो.

परीक्षेसाठी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १ वॉटचे पाच रेझिस्टर आणा: ३३, ६८, १००, १८० आणि २४० ओहम. पंचवीस रुपयांच्या आत सगळं काम होतं आणि पुढे ते हजारांचा वाद मिटवतात.

अर्थ

एका टोकाचा सेन्सर आपला अर्थ आट्यांमधून इंजिनाच्या ब्लॉकला घेतो. म्हणून पॅनलचा मायनसही ब्लॉकवरूनच घ्यायचा. केबिनमधल्या दिव्यांच्या किंवा वायरलेसच्या मायनस पट्टीवरून घेऊ नका. ब्लॉक आणि बॅटरी यांच्यामधल्या जाड केबलमधून अल्टरनेटरचा ४०-५० अँपिअर करंट जात असतो. तिच्या लगात एक शतांश ओहम जरी असला तरी अर्धा व्होल्ट तयार होतो, आणि पॅनलचा अर्थ दुसरीकडे असेल तर तो अर्धा व्होल्ट थेट मीटरच्या हिशेबात शिरतो. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. पॅनलचा मायनस ब्लॉकलाही आणि बॅटरीलाही असेल, आणि जाड केबल सैल झाली, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअर करंट या अडीचच्या वायरीतून परतायला बघतो. ती लाल होऊन जळते. पॅनलचा मायनस एकाच ठिकाणी जोडा: ब्लॉकला.

ब्लॉकवर एक बोल्ट निवडा, भोवतीचा रंग खरवडून लोखंड चमकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून लग कसा, आणि कसून झाल्यावरच ग्रीस किंवा रंग लावा. आधी ग्रीस लावू नका.

सेन्सरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जाड वेढे घालण्याची सवय सोडा. टेप गळती थांबवते आणि अर्थही थांबवते. द्रव सीलंट घ्या आणि पुढचे दोन आटे कोरडे ठेवा. बसवल्यावर सेन्सरच्या षटकोनी अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ओहम मोजा. मल्टिमीटरच्या दोन काड्या एकमेकींना लावून जेवढे येतात तेवढेच आले पाहिजेत.

फायबरच्या डिझेल टाकीला आपला अर्थ नसतो. सेन्सरच्या प्लेटच्या स्क्रूवरून वेगळी वायर पॅनलच्या मायनसपर्यंत आणा. टाकीवरची पाच स्क्रूंची भोकं समान अंतरावर नसतात, सेन्सर एकाच दिशेने बसतो. बसत नाही म्हणून नवीन भोकं पाडण्याआधी तो फिरवून बघा. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या बोटीवर दोन टोकांचे, इन्सुलेटेड सेन्सर घ्यावेत. बोटीच्या सांगाड्यातून करंट फिरला की धातू खाल्ला जातो.

वायर ओढणं आणि लग लावणं

मोळी तळातल्या पाण्यापासून जितकी वर नेता येईल तितकी वर. एक्झॉस्टपासून निदान हातभर लांब. दर ४५ सेंटिमीटरला एक क्लिप. आडव्या फळीतून जाते तिथे ग्रोमेट. इंजिनाच्या टोकाला वीतभर सैल वेटोळं ठेवा, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि ताठ वायर लगाशी तुटते. पॅनलमध्ये शिरण्याआधी वायर खाली झोल देऊन वर न्या म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोलात टपकतं, मीटरात जात नाही.

आरपीएमची वायर स्टार्टरच्या जाड केबलला चिकटवून नेऊ नका.

रंगांचा एक संकेत परदेशी बनावटीच्या इंजिनांवर सापडतो आणि तोच पाळलेला बरा: जांभळी चावीकडून मीटरांना प्लस, करडी आरपीएम, फिकट निळी ऑइल प्रेशर, बदामी टेम्परेचर, गुलाबी डिझेल, काळी अर्थ. हे रंग सगळे मिळतीलच असं नाही. मग फेरूल घालून दोन्ही टोकांना एकच नंबर द्या, आणि तो नंबर पेनाने इन्सुलेशनवर लिहू नका, पुसतो.

लग लावताना इन्सुलेशन सहा-सात मिमी सोला. एकही बारीक तार कापली गेली तर टोक छाटून पुन्हा सुरुवात करा. पक्कड दाबून लग चपटा करणं म्हणजे क्रिम्प (लग वायरीवर घट्ट दाबून बसवणं) नव्हे. रॅचेटचं क्रिम्पिंग टूल घ्या. ते पूर्ण दाबल्याशिवाय उघडतच नाही. मग लग एका हातात आणि वायर दुसऱ्या हातात धरून जोराने ओढा. निघाला तर आत्ताच निघालेला बरा. त्यावर हीट-श्रिंक नळी, कडेने गोंद बाहेर येईपर्यंत गरम. नुसतं सोल्डर केलेला सांधा थरथरीत सोल्डर संपतं तिथे मोडतो. दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळलेला सांधा बोटीवर एक पावसाळा टिकला तरी नवल. मध्ये सांधा द्यावाच लागला तर टर्मिनल पट्टीवर द्या, बंद डबीत, डबीचं तोंड खाली.

पॅनल

प्लसची वाट अशी: बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, तिथून चावी, चावीच्या ‘ऑन’ टोकावरून जांभळी वायर पॅनलच्या पट्टीवर, पट्टीवरून प्रत्येक मीटरच्या प्लसला. मायनस ब्लॉकवरून दुसऱ्या पट्टीवर. एका मीटरवरून दुसऱ्यावर उड्या मारत मायनस नेला असेल तर शेवटच्या मीटरवरून एक वायर परत पट्टीवर आणा. म्हणजे मधला एक नट सुटला तरी सगळे मीटर एकदम वेडे होत नाहीत.

मीटरमागचे पितळी स्टड नाजूक असतात. नट कसताना स्टड फिरला तर आतली कॉइल तुटते आणि मीटर गेला. दोन नट असतील तर खालचा पान्याने धरून वरचा कसा, बोटांनी कसल्यावर आणखी पाव फेरा. तेवढं पुरे.

केबिनमध्ये ऑइलची नळी थेट आणणारा मेकॅनिकल प्रेशर मीटर असेल तर तो इंजिनावर हलवा. सुकाणूशेजारी गरम ऑइलची नळी फुटलेली कुणालाच नको असते. इंजिनावर मात्र असा एक मेकॅनिकल मीटर जरूर ठेवा. वरचा इलेक्ट्रिक मीटर खरं बोलतो का, हे त्याच्याशी ताडून बघता येतं. जुन्या मीटरवर प्रेशर किलोमध्ये (दर चौरस सेंटिमीटरला) किंवा पीएसआयमध्ये असतं. १ बार म्हणजे १४.५ पीएसआय आणि जवळजवळ १ किलो.

टेम्परेचर सेन्सर थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडच्या बाजूला हवा, आणि त्याचं टोक पाण्यात बुडालेलं हवं. पाणी गळून संपलं तर सेन्सर वाफेत लोंबतो आणि काटा खाली येतो. तापलेल्या इंजिनावर काटा अचानक खाली आला तर सुटकेचा श्वास सोडू नका, इंजिन बंद करा.

केबिनमध्ये आणि वर छतावर असे दोन पॅनल हवे असतील तर एकाच सेन्सरला दोन मीटर समांतर जोडून चालत नाही. दोन्ही चुकीचं दाखवतात. दोन पॅनलसाठी अर्ध्या रोधाचे वेगळे सेन्सर मिळतात, ते घ्या.

आरपीएम आणि चार्जिंगचा दिवा

डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी इग्निशन कॉइल नसते, त्यामुळे आरपीएम मीटर अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टोकावरून पल्स घेतो. लुकास-टीव्हीएसच्या जुन्या अल्टरनेटरवर हे टोक बाहेर काढलेलं नसेल तर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन आतल्या तीनपैकी एका फेजवर वायर जोडून देतो.

हिशेब समजून घेतला तर जुळवणी सोपी जाते. इंजिनाची पुली १८० मिमी आणि अल्टरनेटरची ७५, म्हणजे अल्टरनेटर २.४ पट फिरतो. १५०० आरपीएमला तो ३६००ने फिरतो. बारा ध्रुवांच्या, म्हणजे सहा जोड्यांच्या अल्टरनेटरमधून सेकंदाला ३६० पल्स येतात. इंजिनाच्या एका फेऱ्याला १४.४ पल्स. मीटरमागचे छोटे स्विच किंवा स्क्रू या आकड्याजवळ लावा. बोट पाण्यात गेल्यावर इंजिनाच्या पुलीवर चमकती पट्टी चिकटवा आणि हातातल्या ऑप्टिकल टॅकोमीटरने मोजून काटा बरोबर करा, १५०० आरपीएमच्या आसपास, आयडलवर (रेस न देता) नाही. पुढे कधी अल्टरनेटर बदलला आणि नवीन पुली ७० मिमीची आली तर खऱ्या १५००ला मीटर १६०० दाखवेल. पुली बदलली की जुळवणी पुन्हा करायची, हे पॅनलच्या दारावर लिहून ठेवा.

चार्जिंगचा दिवा हा नुसता दिवा नसतो. चावी फिरवल्यावर त्याच्यातूनच अल्टरनेटरच्या ‘डी-प्लस’ किंवा ‘एल’ टोकाला जागं करणारा करंट जातो. बल्ब गेला तर अल्टरनेटर उठत नाही, आणि अल्टरनेटर उठला नाही तर आरपीएम मीटरही शून्यावर. रेस एकदा जोरात दिल्यावर काटा उठतो आणि मग ठीक चालतो, हे लक्षण दिसलं की मीटर उघडण्याआधी बल्ब बघा. तिथे २ ते ३ वॉटचा साधा बल्ब हवा. एलईडी लावायचाच असेल तर १२ व्होल्टला त्याच्याशेजारी ४७ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर समांतर लावा. तो गरम होतो, लाकडाला टेकवू नका. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच कधीही बंद करू नका, अल्टरनेटरचे डायोड जातात.

तास मोजणारा मीटर चावीला जोडला तर चावी विसरलेल्या रात्रीही तास मोजत बसतो. तो प्रेशर आल्यावर जोडणी करणाऱ्या ऑइल स्विचमधून जोडा.

अलार्म

जाळं ओढताना काट्याकडे कोणी बघत नाही. म्हणून मीटरांव्यतिरिक्त दोन वेगळे स्विच आणि एक मोठ्या आवाजाचा बझर लावाच. ऑइलचा स्विच प्रेशर नसताना अर्थला जोडलेला असतो आणि साधारण अर्ध्या बारला सुटतो. टेम्परेचरचा स्विच थंड असताना सुटलेला आणि ९५ अंशांच्या आसपास जोडणारा.

जोडणी अशी. चावीच्या प्लसवरून दोन दिवे, प्रत्येक दिव्याचं दुसरं टोक आपापल्या स्विचला. बझरचा प्लसही चावीवरून. बझरच्या मायनसवरून दोन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे), १एन४००७ जातीचे, एकेक प्रत्येक दिव्याच्या स्विचकडच्या टोकाला. डायोडवरची पांढरी पट्टी स्विचच्या बाजूला. डायोड घातले नाहीत तर एक स्विच लागला तरी दोन्ही दिवे लागतात आणि तेल गेलं की पाणी, ते कळत नाही.

चावी फिरवली, इंजिन अजून सुरू नाही, तर बझर वाजलाच पाहिजे. तीच ऑइल अलार्मची रोजची परीक्षा. त्या आवाजाला कंटाळून बझरची वायर काढून ठेवलेल्या बोटी प्रत्येक बंदरात सापडतील. टेम्परेचरच्या स्विचची अशी आपोआप परीक्षा होत नाही; महिन्यातून एकदा त्याची वायर काढून ब्लॉकला टेकवा आणि बझर वाजतो का बघा.

जमिनीवरच परीक्षा

इंजिन सुरू न करता, चावी ‘ऑन’ करून, सेन्सरकडची वायर सोडा. टेम्परेचर काटा थंडाकडे जायला हवा. तीच वायर क्षणभर ब्लॉकला टेकवा: पूर्ण गरम. युरोपीय प्रेशर आणि डिझेल मीटर वायर सुटल्यावर पूर्णाकडे आणि टेकवल्यावर शून्याकडे जातात, अमेरिकन नेमके उलटे. इतकं झालं म्हणजे वायर आणि मीटर दोन्ही ठीक. मीटरच्या टोकाशी ही परीक्षा पास होते आणि इंजिनाच्या टोकाशी होत नाही, तर दोष वायरीत.

मग रेझिस्टर. सेन्सरच्या जागी, म्हणजे वायरीचं टोक आणि ब्लॉक यांच्यामध्ये, ६८ ओहमचा धरा. युरोपीय टेम्परेचर मीटरने ८०च्या जवळ दाखवावं. १८०ला युरोपीय डिझेल मीटर भरलेला, ३३ला अमेरिकन भरलेला, २४०ला अमेरिकन रिकामा. तीन-चार सेकंदांहून जास्त धरू नका, रेझिस्टर तापतो. इंजिनाच्या टोकाशी आणि मीटरच्या पाठीशी एकाच रेझिस्टरला काटा वेगळ्या जागी थांबला तर मधल्या वाटेत कुठेतरी ओहम लपले आहेत. ते शोधल्याशिवाय मोळी क्लिपांत बंद करू नका.

शेवटी पॅनलचे सगळे दिवे लावा. काटे जागेवरून हलले तर पॅनलचा मायनस कच्चा आहे. मीटर आणि दिवे चालू असताना पॅनलच्या मायनस पट्टीपासून ब्लॉकपर्यंत व्होल्ट मोजा. अडीचच्या बारा मीटर वायरीवर पाव व्होल्टच्या आतच यायला हवेत. एक व्होल्ट आला तर ब्लॉकवरचा तो बोल्ट पुन्हा उघडा. काटे पडून फ्यूज सतत जात असेल तर बहुतेक वेळा जांभळी वायर क्लिपेखाली दबलेली सापडते.

पाचही रेझिस्टर, चार्जिंग दिव्याचे दोन बल्ब आणि फ्यूज एका छोट्या झाकणाच्या डब्यात घालून तो डबा पॅनलच्या आतल्या बाजूला बांधा, आणि दाराच्या मागे नंबरांसह काढलेला नकाशा प्लास्टिकमध्ये घालून चिकटवा.